बाराची भरती

म्हातारपणी माणसाच्या कानावर एकच वाक्य सारखं पडतं: "राहू द्या." भाजी आणायला निघालं की राहू द्या, नळवाल्याशी बोलायला गेलं की राहू द्या, नातवाचं गणित तपासायला घेतलं तर हटकून राहू द्या. वाक्य गोड असतं, बोलणाऱ्याच्या पोटात पापही नसतं. ऐकणारा मात्र त्या गोडीनेच खंगत जातो. मधुदादा केळुसकरांचं तेच झालं होतं. वेंगुर्ल्याच्या शाळेत त्यांनी उभा जन्म गणित शिकवलं. बायको गेली, मागोमाग हृदयाची बायपास झाली, आणि मुलाने, सिद्धार्थने, त्यांना पुण्याला आपल्या फ्लॅटमध्ये नेलं. तिथे त्यांना काही कमी नव्हतं, फक्त त्यांचं कुणी काही ऐकत नव्हतं.

सुहासिनी ही दादांची धाकटी बहीण, चौदा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा ती चौथीत होती. दादाने तिला वाढवलं, मुंबईला मेडिकलला घातलं, आणि आता ती ऑस्ट्रेलियात डार्विनच्या मोठ्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर होती. एकदा व्हिडिओ कॉलवर दादा काहीतरी सांगू लागला, तेवढ्यात मागून सूनबाईंचं, सुरुचीचं, "राहू द्या ना बाबा" आलं, आणि दादाने तोंडातलं वाक्य गिळलं. सुहासिनीने ते पाहिलं. दादाला दोन महिने इकडे आणायचं तिने त्याच दिवशी ठरवलं. आपल्या घरात त्याला कुणी "राहू दे" म्हणणार नाही. आला तसा वाकून नाही, ताठ मानेने परत जाईल. तिला त्याच्यासाठी एवढंच हवं होतं.

दादा आला, पण सुरुवातीला गप्पच असायचा. सुहासिनीचा नवरा समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर शिफ्टला गेलेला, मुलगी स्पृहा युनिव्हर्सिटीत, ती हॉस्पिटलात. दादा एसीत बसून कंटाळायचा. मग एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती आपला छंद मांडून बसली. तिला फ्लायच्या मासेमारीचं वेड होतं. बारीक गळाला पिसं आणि चकाकते धागे गुंडाळून खोटी कोळंबी करायची. त्या कोळंबीला वजन असं नसतंच, म्हणून जाड दोरी डोक्यावरून मागेपुढे झुलवत दूर फेकायची आणि माशाला बनवायचं.

"पिसांवर मासे धरता तुम्ही?" दादा म्हणाला. "तिकडे आम्ही कोळंबीवर माशांना जेवायला घालतो, तुम्ही उपाशीच मारता."

तिने हसून त्याला फोटो दाखवला. नदीच्या मुखाशी मिळणारा मासा, इथली माणसं त्याला सामन म्हणतात. दादाने चष्मा वर करून पाहिलं.

"हा कसला सामन गो? हा रावस. हनुवटीखालच्या मिशा बघ. मांस गुलाबीसर असणार."

"तस्संच असतं."

"मग तसं सांग ना."

त्या दिवसापासून दादाला कंठ फुटला. रावस कुठल्या पाण्यात येतो, कधी येतो, कालवणात कोकम किती. शनिवारी नारळी पौर्णिमा होती. मोठ्या नदीच्या मुखापर्यंत बोटीने जायचं, दर्याला नारळ द्यायचा आणि मग रावस धरायचा, असा बेत दादानेच ठरवला. कोकणात नारळ दिल्याशिवाय कुणी होडी लोटत नाही, आणि डार्विनमध्ये नारळाला तोटा नाही. शेजारच्या झाडाखालचा त्याने स्वतः सोलून ठेवला.

आदल्या संध्याकाळी सुहासिनीने सवयीने फोनवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडायला घेतलं. डार्विनकडे ते बघितल्याशिवाय शहाणा माणूस बोट पाण्यात घालत नाही. तिथे पाणी दोन मजले चढतं आणि दोन मजले उतरतं.

"भरती बघायला फोन कशाला लागतो?" दादा म्हणाला. "तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमेच्या पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, वर थोडं धर. पुनवेक बाराक भरती. आमच्या बंदरावरची पोरं हे पाळण्यातच शिकतात."

"दॅट्स सो कूल, मामा," स्पृहा म्हणाली. "बट इट्स डिफरंट हिअर, राइट? मम, तूच म्हणतेस ना, माऊथला टाइड खूप अर्लिअर..."

"स्पृहा, मामाला टोकू नकोस," सुहासिनी म्हणाली आणि तिने फोन पालथा ठेवला.

आता हे पोरीचं बोलणं शंभर टक्के खरं होतं. समुद्राचं पाणी नदीत आत शिरत जातं, म्हणून मुखाशी भरती आधी होते आणि वर जिथून बोटी सोडतात तिथे ती चार-पाच तासांनी पोचते. सुहासिनीला ते ठाऊक होतं, तिनेच ते पोरीला शिकवलेलं. पण दादा ताठ बसून समजावत होता, आणि कितीतरी महिन्यांनी त्याच्या आवाजात मास्तर ऐकू आला होता. तिने मनाशी म्हटलं, सकाळी बघू, नजर टाकायला किती वेळ लागतो. सकाळी राखी, ओवाळणं, नारळीभात या गडबडीत ते राहून गेलं. स्पृहा घरी थांबली, निघाले ते बहीणभाऊ दोघंच.

बोटी सोडायच्या धक्क्यावर मगरीचं चित्र असलेली पिवळी पाटी होती. दादाने ती दोनदा वाचली. पाणी धक्क्याच्या उतारावर हळूहळू चढत होतं. दादाने कडेला काडी रोवली, आणि सुहासिनी टिनी, म्हणजे तिची पत्र्याची छोटी बोट, ट्रेलरवरून उतरवेपर्यंत काडी पाण्यात गेली. शेजारी एक म्हातारा गोरा बोट धूत होता. दादाने आपल्या मास्तरी इंग्रजीत त्याला विचारलं, भरती बाराला ना?

"इथे बाराच्या सुमारास टॉप, मेट. नो वरीज."

दादाने बहिणीकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा उजळला की तिला भरून आलं. वेंगुर्ल्याचं गणित दुनियेच्या दुसऱ्या टोकाला बरोबर आलं होतं, आणि एका गोऱ्याने त्यावर सही केली होती. तो गोरा "इथे" म्हणाला होता, हे दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात शिरलं नाही.

नदी प्रचंड, चहासारखी तांबूस, दोन्ही काठांना खारफुटी. चिखलाच्या उतारांवर मगरी पोटावर घसरत पाण्यात गेल्याच्या गुळगुळीत पन्हळी होत्या. सुहासिनीने त्या दादाला दाखवल्या आणि बजावलं की हातसुद्धा पाण्यात घालायचा नाही. खाली खाली जाताना तिच्या लक्षात आलं की खारफुटीच्या मुळांवर ओल्या चिखलाचा पट्टा पाण्याच्या बराच वर दिसतोय.

"दादा, पाणी उतरल्यासारखं वाटतंय."

"वरचं पाणी नदीचं, ते दर्याकडेच जाणार. भरती खालून आत येते. अजून चढतला."

हे चूक आहे, हे तिला त्या क्षणी कळलं होतं. नुसता फोन काढायचा होता. पण दादा नारळ मांडीवर घेऊन पुढे बसला होता, वारा खात, होडी हाकणाऱ्या तांडेलासारखा. ती म्हणाली, "हो." बोट तशीच पुढे गेली.

मुखाशी पोचल्यावर दादाने टोपी काढली, नारळाला हळदकुंकू लावलं आणि तो दोन्ही हातांनी पाण्यावर सोडला. नारळ झपाट्याने समुद्राकडे निघाला. भरती आत येत असती तर तो उलटा नदीत आत यायला हवा होता. दोघांनी तो जाताना पाहिला, दोघांनी हात जोडले, आणि दोघांनीही विचार केला नाही.

खरं बोलायचं तर सगळा भार दादाच्या मानावर टाकणं बरोबर नाही. सुहासिनीला मासे दिसले होते. काठालगतच्या चिखलाच्या पठारावरून एक अरुंद ओहळ नदीत उतरत होता आणि त्याच्या तोंडाशी रावसाच्या शेपट्या पाणी कापत होत्या. ओहोटीला उतरणाऱ्या पाण्याबरोबर कोळंबी वाहत येते, तिच्यासाठी ते अडून बसतात. तिने बोट ओहळात घातली, काठी घेतली, दोरी झुलवली. तिसऱ्या फेकीला दोरी ताणली गेली आणि रीळ ओरडायला लागलं. मासा मोठा होता. तो तीनदा नदीत पळाला, तीनदा तिने वळवला. ती त्याच्याशी झुंजत होती आणि दादा शेजारून सूचना करत होता, सैल सोड, आता ओढ, घाई नको. मासा बोटीत आला तेव्हा दादाने तो दोन्ही हातांवर घेतला. उन्हात त्याच्या पोटावर गुलाबी झाक होती.

"नारळ पावला," दादा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते सुख तिने त्याला दिलं होतं, एवढं तरी खरं.

तेव्हाच बोट खालून टेकली.

सुहासिनीने इंजिन सुरू केलं. पंख्याने मागे पाण्याऐवजी काळा चिखल उडवला. तिने वल्ह्याने रेटून पाहिलं, वल्हं अर्धंअधिक चिखलात गेलं. ओहळाचं पाणी डोळ्यांदेखत आटत होतं. दोन्ही बाजूंचं पठार उघडं पडून चकाकायला लागलं होतं. आता तिने फोन काढला. रेंज नव्हती, पण वेळापत्रक आतच साठवलेलं होतं. मुखाशी भरती सकाळीच होऊन गेली होती, ते घरी नारळीभात खात होते तेव्हा. बाराला इथे नदीचा तळ दिसणार होता आणि पाणी परत यायला दुपार कलणार होती.

खरं तर भिण्यासारखं काही नव्हतं. बोटीत बसून राहायचं, प्यायला पाणी होतं, ऊन सोसायचं, आणि भरती आली की निघायचं. पण घाबरलेला माणूस आधी कुणावर तरी उखडतो, आणि ती घाबरली होती. ओहळाच्या पलीकडच्या काठावर तिने जो ओंडका समजला होता त्याने तोंड उघडलं होतं. तिने फोन दादाच्या पुढ्यात धरला.

"बघ. तुझा हिशेब वेंगुर्ल्याचा. इथलं तुला काही कळत नाही, दादा. तू आता राहू दे. गप बसून राहा."

बोलून गेल्यावर तिला आपलं वाक्य ऐकू आलं. दादाने फोनमधले आकडे वाचले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. सिद्धार्थच्या घरी तो असाच बसलेला तिने पाहिला होता.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "अजून बोटीखाली ओल आहे. आत्ता खांदा दिला तर सुटेल."

"नको," ती इंजिनावर वाकून म्हणाली. "सॉल्टी आहे समोर, मोठी मगर. खाली पाय ठेवायचा नाही." मग पाठीमागे बोट हलली आणि तिने वळून पाहिलं. दादा उतरला होता.

वेंगुर्ल्याला होडी रुतली की बाप्ये उड्या टाकतात आणि खांदा लावतात. तिथे खाली रेती असते. इथे तो मांड्यांपर्यंत गेला, एक पाय उपसायला गेला आणि कमरेपर्यंत गेला. त्याने बोटीच्या कडेला धरलं. एकदाच जोर लावला, मग तो आता निघत नाही हे दोघांनाही समजलं.

सुहासिनीने बीकन दाबलं. ते उपग्रहाला हाक घालणारं पिवळं यंत्र बोटीत ठेवायची सक्ती असते, आणि एवढी एक गोष्ट तिने त्या दिवशी वेळेवर केली. दादाच्या काखांतून दोर घेऊन तिने तो बोटीला बांधला. शीतपेटीचं झाकण त्याच्या छातीपुढे चिखलावर टाकलं, म्हणजे हात टेकता येतील. मग वल्हं घेऊन पत्र्यावर दणादण मारत बसली, कारण पलीकडचा ओंडका आता काठावर नव्हता. जरा वेळाने तो खाली नदीच्या पाण्यात वर आला आणि तिथेच थांबला. तो जवळ आला नाही. त्याला घाईही नव्हती.

ऊन डोक्यावर आलं. तिने आपली टोपी त्याच्या टोपीवर घातली, ओंजळीने पाणी पाजलं.

"रावस बरा मिळाला तुला," तो म्हणाला.

"बोलू नकोस. श्वास घे."

"सिद्धू म्हणेल, बाबांना सांगितलं होतं, कशात पडू नका." त्याचे ओठ सुकले होते. "सगळ्यांना सांगेल. सुरुचीला, नातवाला. म्हणणारच ना गो, खोटं काय आहे त्यात."

"नाही म्हणणार."

"म्हणेल. पाऊणपट चुकली म्हणेल." आणि तो लहान मुलासारखा रडला, चिखलात कमरेपर्यंत उभा राहून. मरणाचं त्याला फारसं काही वाटत नसावं. चुकलो हे मुलाला कळेल, याने तो मोडला होता.

मग त्याचा चेहरा राखेसारखा झाला आणि कपाळावर घाम फुटला. डावा हात झाकणावरून घसरला. सुहासिनीला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने बॅगेतली अ‍ॅस्पिरिन त्याला चघळायला लावली, बोटीच्या कडेवर पालथी पडून त्याचं मनगट धरलं आणि नाडी मोजू लागली. उभ्या, अर्ध्या पुरलेल्या माणसाची छाती दाबता येत नाही. त्याला आडवं करता येत नाही. हॉस्पिटलात तिच्या हाताशी दहा यंत्रं आणि चार माणसं असायची. इथे तिच्याकडे दोन बोटं होती आणि त्या बोटांखाली भावाचं हृदय अडखळत होतं.

"दादा, मी आहे," ती म्हणाली. "मी इथेच आहे."

"भिया नको," तो म्हणाला. तिच्या लहानपणी रात्री परसात जाताना तो तिला हेच म्हणायचा. त्यानंतर तो बोलला नाही. नाडी धावली, सुटली, दोनदा परत आली आणि थांबली. तिने ओरडून पाहिलं, वाकून त्याच्या छातीवर मुठी मारून पाहिल्या, तोंडाला तोंड लावून श्वास दिला. प्रत्येक वेळी बोट कलायची आणि तो तसाच उभा असायचा. शेवटी तिने त्याचं मनगट परत धरलं आणि धरून पडून राहिली.

हेलिकॉप्टर आलं तेव्हा ओहळात पाणीही शिरायला लागलं होतं. बोट हलकी होऊन तरंगली. दादा तरंगला नाही. दोन माणसांनी पाण्याचा पाईप खुपसून चिखल पातळ केला आणि त्याला काढला. त्याच्या चपला आतच राहिल्या. सुहासिनीचा हात सोडवायला त्यातल्या एकाला तिच्याशी बराच वेळ बोलावं लागलं.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या एका छोट्या खोलीत ती बसली. याच खोलीत ती नातेवाइकांना बसवून वाईट बातमी सांगायची. स्पृहा बाहेर चहा आणायला गेली होती. सुहासिनीने पुण्याला फोन लावला आणि सिद्धार्थला जे झालं ते सांगितलं.

"पाण्याचा अंदाज कोणी घेतला होता, आत्या?" सिद्धार्थने विचारलं. प्रश्न त्याचा तयारच होता. "बाबांनीच ना? त्यांचं ते तिथीचं काहीतरी. मी त्यांना किती वेळा सांगितलं होतं..."

"नाही," सुहासिनी म्हणाली. "दादाने नाही. मी घेतला."

"तू?"

"दादा म्हणत होता, पाणी उतरतंय, मागे फिरू या. दोनदा म्हणाला. मला मासा धरायचा होता. मी त्याला म्हटलं, इथलं तुला काही कळत नाही, तू गप बस."

आपण काय करतोय हे तिला नीट कळत होतं. आईवडील नव्हते, दादा आत्ताच गेला होता. तिचं माहेर म्हणजे हा पुण्याचा फ्लॅट आणि हा भाचा, जो तिच्या कडेवर खेळला होता. ते तिने आपल्या हाताने मोडलं. दुसरा उपाय तिला दिसत नव्हता, आणि दादाला आता दुसरं काही देताही येणार नव्हतं.

"तू त्यांना असं बोललीस," सिद्धार्थ हळू म्हणाला. "आणि मग ते तुझी बोट ढकलायला उतरले."

"हो."

"आत्या, त्यांना पाठवायचं बघ. पेपर्स काय लागतील ते स्पृहाशी बोलेन मी. तू पुन्हा आमच्याकडे फोन करू नकोस."

"बरं," ती म्हणाली.

त्याने फोन बंद केला नाही. बहुतेक नुसताच टेबलावर ठेवला असावा. तिला खुर्ची सरकल्याचा आवाज आला, सुरुचीचं काय झालं, काय झालं आलं, आणि मग सिद्धार्थ हुंदके देत बोलायला लागला.

"बाबांना कळलं होतं गं. पाणी उतरतंय म्हणून सांगितलं होतं त्यांनी. अगं, भरतीचं बाबांचं कधी चुकलंय का? तिनेच ऐकलं नाही."

सुहासिनीने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि आपल्या बाजूने फोन बंद केला.